खुलासा, पण आपल्या शब्दांत

बारावीच्या सराव परीक्षेचे इंग्रजीचे पेपर तपासायला घेतले की आम्हा शिक्षकांना एक चमत्कार दरवर्षी पाहायला मिळतो. चाळीस मुले-मुली, चाळीस घरे, चाळीस नशिबे. आणि गोष्टीचा सारांश मात्र एकच. पहिले वाक्य एक, शेवटचे वाक्य एक, मधली स्पेलिंगची चूकसुद्धा एक. ‘धिस हार्ट-टचिंग स्टोरी इज रिटन बाय द ग्रेट रायटर’ असे सुरू होते आणि ‘द मॉरल ऑफ द स्टोरी इज’ या शब्दांशी संपते. मधे गोष्ट कुठे गेली याचा पत्ता लागत नाही. गोष्ट टॉलस्टॉयची असो, ओ. हेन्रीची असो की प्रेमचंदांची, सगळ्यांना एकाच कापडाचा कुर्ता शिवलेला असतो.

आपल्या मुलांना इंग्रजीत छोट्याशा साहित्यकृतीचा सारांश लिहिता येत नाही, ही काही साधी परीक्षेतली अडचण नाही. समाजाच्या पुढच्या वाटचालीशी तिचा संबंध आहे, असे आमचे म्हणणे आहे, आणि ते या वार्षिकाच्या वाचकांपुढे जरा सविस्तर मांडावे असे आम्हाला वाटते. आम्ही म्हणजे मराठी आणि उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारी काही मंडळी. यातले काही कोकणातले, काही मराठवाड्यातले. आमच्यापैकी कोणाच्याही घरी इंग्रजी बोलले जात नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे आज बारावीला बसलेल्या मुलाने बारा वर्षे इंग्रजी वाचलेले असते. बारा वर्षे एखाद्या उस्तादाकडे बसलेल्या पोराला निदान कापड बेतता येते, शेगडी पेटवता येते, मोटारीचा आवाज ऐकून कुठे बिघाड आहे ते सांगता येते. बारा वर्षे इंग्रजीच्या तासाला बसलेल्या पोराला मात्र दोन पानांची गोष्ट वाचून ‘यात काय झाले’ एवढे पाच वाक्यांत सांगता येत नाही. याचे कारण पोर मंद आहे हे नाही. त्याला ते कोणी शिकवलेलेच नाही. त्याला सारांश दिला गेला, लिहायला लावला गेला नाही.

हे कसे घडते ते सर्वांना माहीत आहे, पण उघड बोलायचे नाही असा एक अलिखित करार झालेला आहे. सर वर्गात येतात, धड्याचे भाषांतर करतात, मग फळ्यावर सारांश लिहितात किंवा गाइडातला वाचून दाखवतात. मुले उतरवून घेतात. पाठ करतात. संस्थाचालकांना निकाल हवा असतो, पालकांना टक्के हवे असतात, सरांना पोर्शन संपवायचा असतो आणि मुलांना सुटका हवी असते. चौघांचेही भागते. तोटा फक्त गोष्टीचा होतो, आणि गोष्ट कोणाकडे तक्रार करायला जात नाही.

गाइडावर टीका केली की लोक म्हणतात, हे नव्या जमान्याचे रडगाणे आहे. तसे नाही. १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दमा’त इब्न खल्दूनने याच दुखण्यावर बोट ठेवलेले आहे. विद्येच्या प्रत्येक शाखेत संक्षेपांच्या पोथ्या वाढल्या आणि त्यामुळे शिक्षणाचे नुकसान झाले, असे तो स्पष्ट म्हणतो. नवशिक्याला विषयाची शेवटची निष्पत्ती आधीच हातात दिली जाते, ती पेलण्याची तयारी त्याच्यात नसते. मग दाटून भरलेले शब्द सोडवण्यातच त्याची वर्षे जातात. साडेसहाशे वर्षांपूर्वी एका काझीने जे ओळखले ते आमच्या शिक्षक खोलीत अजून पोचलेले नाही.

आणि हे सांगणारी परंपरा संक्षेपाला तुच्छ मानणारी नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. तलखीस ही आपल्याकडे मोठी विद्या होती. सक्काकीने ‘मिफ्ताह-उल-उलूम’ हा ग्रंथ लिहिला. त्यातल्या अलंकारशास्त्राच्या भागाची खतीब कझवीनीने तलखीस केली. त्या तलखीसवर तफ्ताझानीने आधी एक लांबलचक भाष्य लिहिले, ते ‘मुतव्वल’. आणि मग स्वतःच त्याचे छोटे रूप केले, ते ‘मुख्तसर’. हा ‘मुख्तसर-उल-मआनी’ दर्से-निझामीत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. म्हणजे संक्षेप करणारा माणूस मूळ ग्रंथ पचवलेला, प्रसंगी स्वतः भाष्यकार असलेला असायचा. संक्षेप करणे हे शिकलेल्याचे काम होते. ते आपण न शिकलेल्याला तयार पुडीत बांधून देऊ लागलो, तिथे घसरण झाली.

एका शब्दाची गंमत पाहा. उर्दू शाळेत परीक्षेत ‘खुलासा लिहिए’ असा प्रश्न येतो. तिथे खुलासा म्हणजे अर्क, सार. तोच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला स्पष्टीकरण. मराठीत खुलासा कचेरीत मागतात, उशिरा आलेल्या कारकुनाकडे मागतात, आणि आपल्या बिरादरीकडे तर अधूनमधून सगळेच मागतात. उर्दू माध्यमातून आलेली मुलगी ‘समरी’ म्हणजे खुलासा असे वहीत लिहून ठेवते, आणि मराठी माध्यमातला मुलगा शेजारी बसून तिला विचारतो, कसला खुलासा, काय चूक झाली? आम्ही वर्गात हा शब्द मुद्दाम वापरतो. दोन्ही अर्थ कामाचे आहेत. चांगल्या सारांशात अर्कही असतो आणि स्पष्टताही.

आता प्रत्यक्ष एक गोष्ट घेऊ, कारण हवेतल्या गोष्टींनी कोणाचे समाधान होत नाही. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ इंग्रजी अनुवादातून अनेक ठिकाणी शिकवली जाते. आपली मुले ती आवडीने वाचतात. ईद, नमाज, मेळा, सगळे ओळखीचे. आणि सारांश काय लिहितात? हामिद नावाचा गरीब मुलगा होता, त्याने मेळ्यात खेळणी न घेता आजीसाठी चिमटा घेतला, आजीला आनंद झाला, तात्पर्य, आपण वडीलधाऱ्यांवर प्रेम करावे. व्याकरणाच्या दृष्टीने यात फारसे चुकीचे नाही. गुणही मिळतात. पण ही ‘ईदगाह’ नव्हे.

हामिदच्या खिशात तीन पैसे आहेत. हा आकडा सारांशातून वगळता येत नाही. महमूदकडे बारा आहेत, मोहसिनकडे पंधरा. अमीनाने कपडे शिवून आठ आणे मिळवले होते, गवळणीचे देणे भागवल्यावर दोन आणे उरले. त्यातले तीन पैसे हामिदला, पाच पैसे तिच्या बटव्यात. चिमट्याची किंमत दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो, हामिद तीन म्हणतो. म्हणजे त्याने सगळा खिसा रिकामा केला. ‘गरीब मुलगा’ या दोन शब्दांत हे येत नाही. ‘त्याच्याजवळचे तिन्ही पैसे’ या तीन शब्दांत येते. सारांशात शब्द वाचवायचे असतात, म्हणजे काय, ते इथे कळते. मोघम विशेषण टाकून द्यायचे आणि एक नेमका आकडा ठेवायचा.

दुसरी गोष्ट. हामिदला आईबाप मेलेत हे माहीत नाही. बाप हैज्याने गेला, आई पिवळी पडत पडत गेली. पोराला सांगितले आहे की अब्बाजान पैसे कमवायला गेले आहेत आणि अम्मीजान अल्लामियांच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे. तो खुशीत आहे. हे एक वाक्य सारांशातून गळले की शेवटी अमीना का रडते ते कळत नाही. मग मुले लिहितात, ‘शी क्राइड बिकॉज शी वॉज हॅपी’. ती आधी चिडते, छाती पिटते, हा कसला बेअक्कल मुलगा, दिवसभर उपाशी राहिला आणि आणले काय तर चिमटा. मग हामिद म्हणतो की तव्यावर तुझी बोटे भाजायची. तेव्हा ती ढासळते. राग, मग ढासळणे, हा क्रम आहे. क्रम उलटा लिहिला तर ती गोष्ट दुसरीच होते.

मेळ्यातला वादविवाद मात्र, जिथे हामिद आपल्या चिमट्याला रुस्तुम बनवून बाकीच्या खेळण्यांना गारद करतो, तो कितीही मजेचा असला तरी सारांशात एका वाक्यात आटपावा लागतो. मुलांना हे जड जाते. जे सर्वात आवडले तेच कमी करायचे! एका वर्षी एका मुलीने आम्हाला विचारले, मग त्याने वाद घातला नसता तर चालले असते का? आम्ही म्हटले, तूच ठरव. तिने दोन दिवसांनी येऊन सांगितले की नाही चालणार, कारण वादात तो मोठ्या माणसासारखा बोलतो, आणि शेवटी आजी लहान मुलीसारखी होते. दोन्ही टोके एकमेकांना बांधलेली आहेत. म्हणून एक वाक्य ठेवायलाच हवे. ही समज कोणत्या गाइडात नव्हती, आणि आम्हीही ती फळ्यावर लिहिली नव्हती. सारांश लिहायला बसली म्हणून तिला ती सापडली.

इथे आमचे साहित्यिक मित्र पुढे येतात. ते म्हणतात, साहित्याचा सारांश करणे हाच मुळी गुन्हा आहे. कवितेचा गद्य अर्थ म्हणजे कविता नव्हे. अगदी बरोबर. अमेरिकन समीक्षक क्लीन्थ ब्रूक्सने १९४७ साली ‘द वेल रॉट अर्न’ या पुस्तकात यावर अख्खे प्रकरण लिहिले आणि त्याला पाखंड म्हटले. पण ब्रूक्स ज्या विद्यार्थ्यांसमोर बोलत होता त्यांना गद्य अर्थ लावता येत होता. त्याच्या आधी केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्‌सने विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता दिल्या आणि त्यांनी लिहिलेले अभिप्राय तपासले, तेव्हा त्याला आढळलेली पहिली अडचण कोणती? कवितेचा साधा, सरळ अर्थच अनेकांना लागत नव्हता. हे केंब्रिजचे विद्यार्थी! मग आमच्या तालुक्याच्या गावच्या मुलांना आधी साधा अर्थ लावायला शिकवले तर त्यात साहित्याचा काय अपमान झाला? जो जिना चढलाच नाही त्याला गच्चीवरून खाली पाहू नको असे सांगण्यात अर्थ नसतो. आणि खरे सांगायचे तर सारांशात काय मावत नाही, हे सारांश करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मंटोच्या ‘सियाह हाशिये’मधली काही टिपणे दोन-तीन ओळींची आहेत. त्यांचा सारांश करून दाखवा, असे आम्ही एकदा वर्गाला सांगितले. अर्ध्या तासाने वर्ग गप्प झाला. ब्रूक्सचे सगळे प्रकरण त्या अर्ध्या तासात आले, असे आम्हाला तरी वाटते.

पण खरी बाब याहून गंभीर आहे. रवींद्रनाथांची १८९२ सालची ‘काबुलीवाला’ घ्या. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतली ही जुनी रहिवासी. तिचा सारांश आमच्या मुलांनी लिहिलेला आम्ही पाहतो तेव्हा अंगावर काटा येतो. ‘रहमत मर्डर करतो आणि तुरुंगात जातो.’ गोष्टीत मर्डर कुठे आहे? रामपुरी चादरीचे पैसे बुडवणारा शेजारी खोटे बोलतो, चादर घेतलीच नाही म्हणतो, भांडण होते, रहमत सुरा मारतो. गंभीर दुखापतीबद्दल शिक्षा होते. हे सगळे ‘मर्डर’ या एका शब्दात कोंबले जाते. कोणी कोंबले? गाइडाने, घाईने आणि काबुली पठाण म्हटला की मनात जे आपोआप उमटते त्याने. आणि हे लिहिणारी मुले आपलीच असतात, हे विसरू नका. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट गळते. मिनीच्या आईला सुरुवातीपासून त्या काबुल्याचा संशय आहे. हे लोक मुले पळवून नेतात असे तिने ऐकलेले आहे. आणि गोष्ट सांगणारा जो बाप, तो भला माणूस, त्यालाही रहमत तुरुंगातून सुटून आला हे कळल्यावर दचकायला होते. आज घरात कार्य आहे, पुन्हा कधी ये, असे सांगून तो त्याला वाटेला लावू पाहतो. मग रहमत अंगरख्यातून मळका कागद काढतो. त्यावर त्याच्या मुलीच्या हाताचा काजळीचा ठसा. बापाला बाप ओळखतो. लग्नातले दिवे आणि बँड कमी करून तो रहमतला गावी जायला पैसे देतो.

आईचा संशय आणि बापाचे टाळणे सारांशातून काढून टाकले की उरते ते ‘सुकामेवा विकणाऱ्या माणसाची लहान मुलीशी मैत्री’. गोड आणि निरुपद्रवी. ज्या गोष्टीशी रवींद्रनाथ भांडत होते तीच गायब. सारांशात काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा हिशेब कधीच निरागस नसतो. ज्याच्या हातात कात्री त्याच्या हातात गोष्ट.

आणि आपण तर असे लोक आहोत की ज्यांचा सारांश कायम दुसऱ्यांनीच केला. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झाला. त्याच्या आधीही आणि नंतरही ‘मुसलमानांची मुले मदरशात जातात’ हा आपला एका ओळीतला सारांश देशभर फिरत होता. अहवालाने सांगितले की शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी सुमारे ३ टक्के आहेत. हा आकडा आपल्यातल्या किती शिकलेल्यांना सांगता येतो? बरे, दुसऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. आपले वक्ते वर्षानुवर्षे व्यासपीठावरून सांगत आले की सच्चरनी मुसलमानांची स्थिती दलितांपेक्षा वाईट आहे असे म्हटले. अहवाल उघडून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. एकंदरीत मुस्लिम समाज अनुसूचित जाती-जमातींच्या किंचित वर आणि हिंदू ओबीसींच्या खाली आहे, काही बाबतींत त्याहून वाईट, काही बाबतींत तेवढाच. हे वाक्य टाळ्या घेणारे नाही, पण ते खरे आहे. चारशेहून अधिक पानांचा इंग्रजी अहवाल वाचून त्याचा सार आपल्या शब्दांत सांगणारी माणसे मोहल्ल्यात चार असती, तर हा चुकीचा सारांश आपल्याच तोंडून इतकी वर्षे फिरला नसता. त्या चार माणसांचे शिक्षण अकरावीच्या इंग्रजीच्या तासाला सुरू व्हायला हवे होते. तिथे ती गाइड पाठ करत होती.

‘गोष्टीबिष्टी कशाला, मुलांना इंग्रजी बोलायला शिकवा,’ असे पालक म्हणतात. स्पोकन इंग्लिशच्या पाट्या प्रत्येक नाक्यावर लागलेल्या आहेत. पालकांवर आमचा राग नाही. आखातात गेलेल्या भावाला फोनवर साहेबाशी बोलता आले नाही म्हणून त्याची नोकरी कशी गेली हे त्यांनी पाहिलेले असते. पण ‘हाऊ आर यू’ आणि ‘आय ॲम फाइन’ याच्या पुढे बोलायचे काय? रुग्णालयात रात्रपाळी संपवणाऱ्या नर्सला पेशंटची हकिगत चार वाक्यांत पुढच्या पाळीच्या नर्सला द्यावी लागते. वकिलाच्या हाताखालच्या मुलाला चाळीस पानांच्या निकालपत्रातून अर्धे पान काढून द्यावे लागते. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा सक्तीचा पेपर असतो, तो फक्त पास व्हायचा असतो, आणि त्यात संक्षेपलेखन असते. त्यात नापास झाला की बाकीच्या पेपरांचे गुण मोजले जात नाहीत. हे सगळे सारांशच आहेत. बोलणे हे ऐकलेल्या-वाचलेल्याचा सारांश करण्यातूनच येते. उलट्या वाटेने ते येत नाही.

हल्ली आणखी एक युक्तिवाद कानावर येतो. आता मोबाइलमधले यंत्र दोन सेकंदांत सारांश करून देते, मग मुलांनी का करायचा? २०२२ नंतर ही यंत्रे पोरांच्या हातात आली आणि गाइडवाल्यांच्याही पोटात गोळा आला असेल. यंत्राचा सारांश गाइडापेक्षा बरा असतो, हे मान्य करायला हरकत नाही. इंग्रजी तरी शुद्ध असते. पण तो बरोबर आहे की नाही हे कोण तपासणार? ‘काबुलीवाला’त मर्डर नाही हे सांगायला कोणीतरी ती गोष्ट वाचलेली असावी लागते. गाइडाच्या जागी यंत्र आले, मूल मात्र होते तिथेच बसलेले आहे.

मग करायचे काय, असे विचाराल. आम्ही जे करतो ते सांगतो, ते फार मोठे नाही. आपली मुले सारांश करण्यात कच्ची आहेत हे मुळात खोटे आहे. शुक्रवारी पिच्चर पाहून आलेला पोरगा शनिवारी मधल्या सुट्टीत, न पाहिलेल्या दहा जणांना, अख्खी स्टोरी पाच मिनिटांत सांगतो. ‘फिर क्या हुआ मालूम...’ अशी त्याची दखनी सुरू होते. कोण कोणाचा भाऊ, कोणी कोणाला फसवले, इंटरव्हलला काय झाले, सगळे क्रमाने. गाणी तो आपणहून गाळतो. विनोदी पात्र गाळतो. शेवट मुद्दाम राखून ठेवतो. हे कौशल्य त्याच्याकडे आहे, फक्त ते इंग्रजीच्या वर्गाच्या उंबऱ्यावर चपलांबरोबर काढून ठेवायला त्याला शिकवले गेले आहे. म्हणून आम्ही पहिला सारांश तोंडी घेतो आणि घरच्या भाषेत घेतो. दखनी, कोकणी, मराठी, जी असेल ती. गोष्ट दोनदा वाचायची, पुस्तक मिटायचे आणि घरी जाऊन अम्मीला किंवा दादीला सांगायची. दादीने जिथे ‘म्हणजे काय?’ विचारले तिथे खूण करून आणायची. दादीसारखी परीक्षक बोर्डात नाही.

मग इंग्रजी. आधी एका वाक्यात: कोणाला काय हवे होते आणि काय झाले. मग पाच वाक्यांत. मग दीडशे शब्दांत. इंग्रजीत गोष्टीचा सारांश वर्तमानकाळात लिहितात, हामिद ‘गोज’, ‘वेंट’ नव्हे. मराठी-उर्दूतून येणाऱ्या मुलांचा काळ इथे हमखास घसरतो, त्याला महिना द्यावा लागतो. संवाद अवतरणात घ्यायचे नाहीत. गोष्ट सांगणारा आणि लेखक एक धरायचे नाहीत. मिनीचा बाप म्हणजे रवींद्रनाथ नव्हेत. आपले मत आणि तात्पर्य या दोघांनाही दाराबाहेर थांबवायचे. सगळ्यात जास्त वेळ आम्ही क्रियापदांना देतो. पात्र ‘सेज’ की ‘अ‍ॅडमिट्स’ की ‘प्रिटेंड्स’? शेजारी चादर घेतलीच नाही असे ‘म्हणतो’, की ‘खोटे सांगतो’? या एका शब्दावर रहमतचा न्याय अवलंबून आहे, असे सांगितले की मागच्या बाकावरचेही शब्दकोश उघडतात. प्रेसीचा एकतृतीयांशाचा जुना नियम इथे लागू पडत नाही, तो उताऱ्यासाठी आहे. सात पानांच्या गोष्टीचा तिसरा हिस्सा म्हणजे अडीच पाने झाली, त्याला सारांश कोण म्हणेल?

अडते कुठे, तेही सांगायला हवे. अनुभव नसलेल्या जागी अडते. इब्न रुश्दने ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवर लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन मापांची विवरणे लिहिली. बाराव्या शतकातला केवढा बुद्धिमान माणूस. पण ‘पोएटिक्स’चे विवरण करताना शोकांतिकेला त्याने स्तुतिकाव्य म्हटले आणि सुखात्मिकेला निंदाकाव्य. त्याच्या मुलखात नाटकच नव्हते, तो तरी काय करणार? आमच्या वर्गात ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ आली तेव्हा एका मुलाने मॅजाय म्हणजे मॅजिक करणारे असे लिहिले. उर्दू माध्यमातल्या एका मुलीला मात्र मजूसी हा शब्द माहीत होता. तिने जवळजवळ बरोबर ओळखले. पण त्याच वर्गाला डेलाजवळ एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट आहेत, या आकड्याचे वजन समजावून सांगावे लागले नाही. तीन पैसे त्यांनी मोजलेले होते.

आता या वार्षिकापुरते बोलू. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून मुस्लिम मराठी कथा लिहिली जात आहे, छापली जात आहे, आणि आपल्याच मंडळींत वाचली जात आहे. हमीद दलवाईंची १९६५ सालची ‘इंधन’ दिलीप चित्रे यांनी ‘फ्यूएल’ म्हणून इंग्रजीत नेली. असे नेणारे हात किती मिळतात? एखाद्या इंग्रजी प्रकाशकाकडे मराठी कथासंग्रह घेऊन गेले तर तो पहिल्यांदा काय मागतो? संग्रह मागत नाही, त्याला मराठी येत नाही. तो एक पान इंग्रजी कथासार मागतो. ते एक पान लिहिणारा माणूस आपल्याकडे नाही, म्हणून कथा कपाटात राहते. आणि समजा कोणी परक्याने ते पान लिहिले, तर त्यात बुरखा, तलाक आणि दंगल एवढे तीन शब्द येणार आणि कथेतली तव्यावर भाजणारी बोटे गळणार, हे भविष्य सांगायला नजूमी लागत नाही.

म्हणून संपादक मंडळाला आमची सूचना आहे. पुढच्या अंकापासून प्रत्येक कथेच्या शेवटी त्या कथेचा पाच वाक्यांचा इंग्रजी सारांश छापावा, आणि तो अकरावी-बारावीच्या किंवा पदवीच्या विद्यार्थ्याने लिहिलेला असावा, त्याच्या नावासह. इंग्रजी देवनागरीत छापायचे की रोमन लिपीत, हे छापखान्याने ठरवावे. कथाकाराला सारांश पटला नाही तर त्याने त्याच पानावर तळाला दोन ओळींत तसे लिहावे. विद्यार्थ्यानेही मग त्याच्या पुढच्या अंकात उत्तर द्यावे. भांडण झाले तर होऊ द्या. मुले पुरवायची जबाबदारी आमची. मार्चमध्ये परीक्षा असतात, तेवढा महिना सोडून कथा कधीही पाठवाव्यात.